बेस मॉडेल घेतोय, शोरूममधून काय काय बसवून घेऊ? (स्विफ्ट एलएक्सआय)

मुलुंडकर_मी | सोमवार, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसता वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

जुनी वॅगन आर विकली, आता स्विफ्ट घेतोय. रोजचा प्रवास मुलुंड ते अंधेरी, म्हणजे जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) उभं राहण्याचा सराव. महिन्यातून एकदा साताऱ्याला आईबाबांकडे. बेस एलएक्सआय आणि त्यावरच्या व्हीएक्सआयमध्ये एक्स-शोरूमला साधारण ८० हजारांचा फरक आहे. सेल्सवाला म्हणाला, "सर, बेस घ्या, बाकी आपण लावून देतो, बघणाऱ्याला टॉपच वाटेल." मलाही पटलं. मग त्याने ॲक्सेसरीज काउंटरवर नेलं आणि तिथल्या मुलीने कोटेशन काढून दिलं. त्यात टचस्क्रीन, चार स्पीकर, रिव्हर्स कॅमेरा आणि सेन्सर किट, फॉग लॅम्प, १५ इंची अलॉय चाकं टायरसकट, सीट कव्हर, ७डी मॅट, डोअर वायझर, मडफ्लॅप, दारांच्या पट्ट्या, अंडरबॉडी कोटिंग असं सगळं आहे. बेरीज ९२ हजार.

बायकोने कागद बघितला आणि एवढंच म्हणाली, "मग व्हीएक्सआयच का नाही?" मला उत्तर सुचलं नाही, म्हणून इथे आलो. यातलं काय ठेवू, काय उडवू?

घाटउतार | सोमवार, रात्री १०.५५

वहिनींना अकाउंट काढून द्या इथे. धागा संपला.

निवांतकाका | सोमवार, रात्री ११.१०

सेन्सर किट?? अहो, १ जुलै २०१९ पासून रिव्हर्स पार्किंग सेन्सर प्रत्येक नव्या कारला सक्तीचे आहेत, बेस असो की टॉप. ८० च्या वर गेलं की टुक आणि १२० च्या वर गेलं की सतत टुकटुक, तेही त्याच नियमात आलं. म्हणजे गाडीच्या बंपरात जे आधीच बसलंय तेच तुम्हाला पुन्हा विकतायत. ती ओळ आधी खोडा. नंतर बाकीच्या ओळींकडेही त्याच संशयाने बघा.

मुलुंडकर_मी | सोमवार, रात्री ११.१८

काका, हे मला खरंच माहीत नव्हतं. खोडली.

ठाण्याची_ताई | मंगळवार, सकाळी ८.०५

माझा अनुभव लिहिते, लांबेल. गाडीचं आणि शोरूमचं नाव विचारू नका, देणार नाही.

मीही बेस घेतली होती. डिलिव्हरीच्या वेळी फॉग लॅम्प बसवून घेतले, शोरूममध्येच, त्यामुळे निर्धास्त होते. पहिल्या पावसाळ्यात रात्री कसाऱ्याच्या अलीकडे फॉग लावले आणि दोन मिनिटांत हेडलाइटसकट सगळं गेलं. धुकं, पाऊस, मागून ट्रक आणि पुढे मिट्ट काळोख. हॅझर्ड चालू होते म्हणून कडेला तरी घेता आली.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरमध्ये बॉनेट उघडलं तेव्हा कळलं की फॉगला वेगळी लाइन, वेगळा रिले काहीच नव्हतं. हेडलाइटची वायर सोलून त्यावर पीळ मारला होता आणि वर काळी टेप. पाणी गेलं, फ्यूज उडाला. मी म्हटलं वॉरंटीत करा. ते म्हणाले, मॅडम, हे बाहेरचं काम आहे. मी म्हटलं बाहेरचं कसं, शोरूममध्येच बसवलंय, बिल आहे. बिल काढलं तर त्यावर नुसतं "फॉग लॅम्प सेट १ नग". पार्ट नंबर नाही, काही नाही. बसवणारा मुलगा शोरूमचा नव्हताच, बाहेरच्या ठेकेदाराचा होता आणि संध्याकाळी चार गाड्या उरकून जायचा. हे मला तेव्हा कोण सांगणार?

आणि मुलुंडकर, एक विचारायचंय. गाडी तुम्ही दोघं चालवणार का? तुमच्या आणि वहिनींच्या उंचीत किती फरक आहे?

मुलुंडकर_मी | मंगळवार, सकाळी ८.४०

बापरे. ताई, सुखरूप आहात हे महत्त्वाचं.

दोघंही चालवणार. शनिवार-रविवार तीच चालवते. मी पाच दहा, ती पाच एक. का हो?

ठाण्याची_ताई | मंगळवार, सकाळी ८.४४

डावा आरसा. संध्याकाळी लिहिते, आत्ता लोकल पकडायची आहे.

जुना_ॲडव्हायझर | मंगळवार, दुपारी १.२०

अकरा वर्षं सर्व्हिस ॲडव्हायझर होतो, आता त्या धंद्यात नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. ताईंनी सांगितलं ते रोजचं आहे.

शोरूममध्ये बसवलं म्हणजे कंपनीचं झालं, हा पहिला गैरसमज. ॲक्सेसरीज काउंटरवर तीन प्रकारचा माल असतो. एक कंपनीचा स्वतःचा, मारुतीचा असेल तर जेन्युइन ॲक्सेसरीजच्या खोक्यात, त्यावर पार्ट नंबर आणि एमआरपीचं लेबल. दुसरा, कंपनीने नाव दिलेला पण डीलरने बाहेरून आणलेला. तिसरा साधा बाजारातला, फक्त भाव शोरूमचा. तिन्ही एकाच काचेच्या कपाटात असतात आणि कोटेशनवर तिन्हींची नावं सारखीच दिसतात. म्हणून प्रत्येक ओळीपुढे पार्ट नंबर मागा. जिथे "सर, तो नंतर देतो" ऐकाल, तिथे ती वस्तू तिसऱ्या प्रकारातली समजा.

दुसरी गोष्ट वायरिंगची, आणि खरी भानगड तिथेच आहे. वरच्या मॉडेलला जे कारखान्यात बसतं त्याची वायर, म्हणजे हार्नेस, कधी कधी खालच्या मॉडेलमध्येही आधीच घातलेली असते, कारण कंपनीलाही दहा तऱ्हेच्या वायरी बनवणं परवडत नाही. अशा जागी डॅशच्या किंवा बंपरच्या मागे रिकामा कपलर, म्हणजे वायरीचं जोडटोक, लटकत असतो. नवी वस्तू आणली, कपलर खटकन लावला, झालं. ना कापणं ना सोलणं. पण काही ठिकाणी खर्च वाचवायला ती वायरच गाळलेली असते. मग पोरगा काय करतो? टॅपिंग. दुसऱ्या कुठल्या तरी वायरीतून करंट ओढतो. हे गाडीगणिक, व्हेरियंटगणिक, कधी कधी उत्पादनाच्या महिन्यागणिक वेगळं असतं, त्यामुळे "माझ्या भावाच्या गाडीत होता" यावर जाऊ नका. तुमच्याच गाडीत बघायचं. पीडीआयला, म्हणजे डिलिव्हरीआधीच्या तपासणीला, जाल तेव्हा ॲक्सेसरीजवाल्याला सोबत न्या आणि म्हणा, कपलर दाखव. ज्याला काम येतं तो पॅनल काढून दाखवतो. ज्याला येत नाही तो चहा मागवतो.

आता तुमची यादी.

टचस्क्रीन: कपलर असेल तर खुशाल घ्या. स्टिअरिंगवरची बटणं मात्र मागाहून बसवायच्या नादी लागू नका. स्टिअरिंगच्या आत एक गुंडाळलेली पट्टी असते, तिलाच ड्रायव्हरच्या एअरबॅगची जोडणी असते. तिथे हात घालायचा म्हणजे बॅटरी काढून थांबायचं, मग चाक उतरवायचं. संध्याकाळी चार गाड्या उरकणाऱ्या पोराने ते करावं असं मला तरी वाटत नाही. एअरबॅगचा दिवा एकदा पेटला की मग बसा.

फॉग: बंपरात जागा, वेगळा हार्नेस, रिले, आत स्विच, हे चारही पूर्ण किटात असतील तरच. मुंबईत धुकं कुठलं? साताऱ्याला जाताना खंबाटकीत लागतं, मान्य. पण तिथेही वेग कमी करणं जास्त कामाचं.

सीट कव्हर: इथे लोक रंग बघतात, शिलाई बघत नाहीत. मे २०२४ ला आलेल्या स्विफ्टला बेसपासून सहा एअरबॅग आहेत, आणि बाजूची एअरबॅग पुढच्या सीटच्या कडेतून फुटते. जाड रेक्झिनचं कव्हर घट्ट ओढून बसवलं तर ती फुटणार कुठून? एअरबॅगला चालणारं, त्या कडेची शिलाई सैल ठेवलेलं कव्हर मिळतं, तेच मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या.

अंडरबॉडी कोटिंग: नव्या गाडीचा पत्रा कारखान्यातून रंगाच्या आंघोळीतून आलेला असतो. खाली काळा फवारा मारला की त्याखाली काय झालंय ते पुढे दिसतही नाही. मी माझ्या गाडीला मारलं नाही.

७डी मॅट: मुंबईच्या जुलैत चपलांचं पाणी खाली मुरतं, वरून मॅट कोरडी आणि खाली कुबट वास. शिवाय ड्रायव्हरच्या पायाखाली जाड काही नको. साध्या रबरी ट्रे-मॅट घ्या, बादलीभर पाण्याने धुता येतात.

अलॉयवर स्वतंत्र लिहितो, जेवायला बोलावतायत.

दादरचा_फुटपाथ | मंगळवार, दुपारी २.०२

"ज्याला येत नाही तो चहा मागवतो" 😂 हे फ्रेम करून लावा.

कुर्ला_पश्चिम | मंगळवार, दुपारी २.३०

एवढं रामायण कशाला? कुर्ल्याला सीएसटी रोडला या. तीच टचस्क्रीन अर्ध्यात, वरच्या मॉडेलची काढलेली ओरिजिनल अलॉय सेटमध्ये. लोक नवी गाडी घेऊन मोठी चाकं लावतात, कंपनीची तिथेच टाकून जातात.

जुना_ॲडव्हायझर | मंगळवार, दुपारी ३.१५

कुर्लेकर, तुमचं निम्मं बरोबर आहे. भाव कमी मिळतो, आणि काही जुने कारागीर शोरूमच्या पोरापेक्षा शतपट बरे आहेत. पण तडा गेलेलं चाक वेल्डिंग करून, रंग मारून तुमच्या गळ्यात मारलं तर कळणार कसं? बिल घ्या, आतल्या बाजूने बोट फिरवून बघा. बिल देत नसेल तर ते चाक कुठून आलं हेही त्याला विचारू नका, सरळ निघा.

आता अलॉयची मापं. एलएक्सआयला १६५/८० आर१४ टायर, वरच्या मॉडेलला १८५/६५ आर१५. आकडे वेगळे दिसतात, पण टायरची एकूण उंची काढा: पहिला साधारण ६२० मिलिमीटर, दुसरा ६२१ च्या आसपास. म्हणजे १४ वरून १५ ला गेलात तरी स्पीडोमीटर तेच सांगणार. दुकानदार मात्र "१४ चीच अलॉय घ्या, वर जाड १८५/६५ चढवतो" म्हणतात. त्याची उंची ५९६. जवळजवळ चार टक्क्यांनी खाली. गाडी तेवढी जमिनीला टेकते, किलोमीटर फुगून दिसतात, आणि आपल्या स्पीड ब्रेकरांवर पोट घासतं. म्हणून वरच्या मॉडेलचं माप जसंच्या तसं घ्या, नाहीतर आहे ते राहू द्या.

अलॉयचे नट बदलायचे का तेही विचारा. आणि स्टेपनी लोखंडीच राहणार, तिचे नट डिकीत ठेवा. हे रात्री पंक्चर झाल्याशिवाय कोणाला आठवत नाही.

पेणचा_पेंटर | मंगळवार, संध्याकाळी ५.४८

पण अलॉय, फॉग वगैरे लावलं की ट्रॅफिकवाले पकडतात ना? मॉडिफिकेशन बेकायदा आहे असं व्हॉट्सॲपवर आलं होतं.

कायदेकानू | मंगळवार, संध्याकाळी ६.२५

व्हॉट्सॲपवर अर्धवट आलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी पुस्तकातली माहिती उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी पडेल असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात तेच ठाम केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५ हजार दंड होऊ शकतो, कैदेचीही तरतूद आहे. पण कलमातला "बदल" म्हणजे गाडीच्या रचनेत फरक पडून तिचं मूळ स्वरूप बदलणं. सीट कव्हर, टचस्क्रीन, मडफ्लॅप यात येत नाहीत. वरच्या मॉडेलच्या मापाची चाकं घेतली तर उत्पादकानेच ते माप त्या गाडीला दिलेलं असतं.

खऱ्या अडचणीच्या दोन गोष्टी शोरूमच्या काउंटरवरही दिसतात. एक म्हणजे पुढचा लोखंडी गार्ड, ज्यावर डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. तो धक्का खातो आणि एअरबॅगच्या सेन्सरला कळूच देत नाही. दुसरी काळी फिल्म. पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. "सर, सगळे लावतात" हे नाक्यावरच्या हवालदाराला सांगून बघा.

विमेवाला_बाब्या | मंगळवार, रात्री ८.१०

माझ्या खात्यातलं बोलतो. कारखान्यात बसून आलेलं सगळं गाडीच्या विम्याच्या किमतीत धरलेलं असतं. तुम्ही मागाहून बसवलेलं नसतं. इलेक्ट्रिकल वस्तूंना, म्हणजे टचस्क्रीन, फॉग, कॅमेऱ्याला, पॉलिसीत वेगळी ओळ असते आणि साधारण किमतीच्या ४ टक्के प्रीमियम लागतो. १५ हजारांच्या टचस्क्रीनला वर्षाला ६०० रुपये, वर जीएसटी. फार नाही. पण ती ओळ नसेल तर चोरीला गेल्यावर तिचे पैसे विसरा. आणि पॉलिसी डिलिव्हरीच्या आधी निघते, ॲक्सेसरीज नंतर बसतात, त्यामुळे ही ओळ हमखास राहून जाते. शोरूममधूनच विमा घ्या असा आग्रह करतील, तो सक्तीचा नाही.

आता वहिनींच्या प्रश्नाचं गणित, कारण ते कोणीच केलं नाही. फरक ८० हजार. पेट्रोल गाडी, १० लाखांच्या आत, वैयक्तिक नाव, म्हणजे वन टाइम टॅक्स (रोड टॅक्स) ११ टक्के. ८० हजारांवर ८,८००. विम्यात थोडी वाढ. म्हणजे व्हीएक्सआय ऑन-रोड साधारण ९० हजारांनी महाग. तुमचं कोटेशन ९२ चं. ॲक्सेसरीजवर रोड टॅक्स लागत नाही हा एकच फायदा होता, तोही कोटेशनने खाल्ला. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाडीला जीएसटी १८ टक्के झाला आणि सुट्या भागांनाही १८ च आहे, म्हणजे त्या बाजूनेही काही वाचत नाही. उद्या विकायला जाल तेव्हा समोरचा व्हेरियंट विचारणार, तुमच्या टचस्क्रीनचे पैसे देणार नाही.

घाटउतार | मंगळवार, रात्री ८.१५

मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

ठाण्याची_ताई | मंगळवार, रात्री ९.३०

हं, डावा आरसा.

बेसमध्ये आरसे आतल्या दांडीने हलवायचे असतात. एकच माणूस चालवत असेल तर एकदा लावले की झालं. आमच्याकडे दोघं चालवतो आणि नवरा माझ्यापेक्षा फूटभर उंच. दर शनिवारी मी ड्रायव्हर सीटवरून डाव्या दारापर्यंत झेपावते, दांडी हलवते, परत येऊन बघते, परत झेपावते. सोसायटीच्या गेटवर वॉचमन हसतो. मग कंटाळून त्याचाच आरसा ठेवून निघते आणि डावीकडची रिक्षा मला दिसत नाही. मुंबईत डावीकडची रिक्षा न दिसणं म्हणजे काय ते सांगायला नको.

विजेचे आरसे मागाहून बसवायला गेले तर दोन्ही आरसे बदला, दारातली वायर बदला, स्विच बसवा, दाराचं पॅनल उघडा. शोरूमने हात वर केले. टचस्क्रीन तुम्ही कधीही बसवाल, मॅट कधीही घ्याल. जे मागाहून बसतच नाही, त्यावरून व्हेरियंट ठरवा.

जुना_ॲडव्हायझर | मंगळवार, रात्री ९.४१

अकरा वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही. ताई, मानलं.

मुलुंडकर_मी | रविवार, सकाळी ११.१५

उशीर झाला, माफ करा. आठवडाभराचा वृत्तांत.

बुधवारी बायकोला धागा वाचायला दिला. आरशाच्या प्रतिसादापाशी थांबली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. वॅगन आरमध्ये ती तीन वर्षं तेच करत होती. मला कधी दिसलंच नाही, कारण मी गाडीत बसेपर्यंत आरसा पुन्हा माझ्या जागी आणून ठेवलेला असायचा.

शनिवारी दोघं शोरूमला गेलो. बुकिंग विजेच्या आरशांच्या व्हीएक्सआयवर बदललं. सेल्सवाल्याचा चेहरा पडायला नको होता, महाग गाडी घेतोय ना आम्ही? पण पडला, कारण कोटेशनचा कागद फाटला. मग त्याचा टीएल (टीम लीडर) आला, "सर, निदान २५ हजारांचं किट तरी घ्या, नाहीतर डिलिव्हरी दसऱ्यापर्यंत जाईल." बायको म्हणाली, "जाऊ दे की. जुनी विकलीय, पण लोकल आहे." पाच मिनिटांत गाडी पुढच्या शनिवारची झाली. स्टॉकयार्डमध्ये उभीच असणार.

घेतलं काय: मडफ्लॅप, डोअर वायझर (पावसात काच बोटभर उघडी ठेवता येते, हे मला हवंच होतं), रबरी मॅट, आणि एअरबॅगला चालणारी सीट कव्हरं. प्रत्येक ओळीपुढे पार्ट नंबर लिहून घेतला. सीट कव्हरांच्या ओळीपाशी ती मुलगी अडली, आत जाऊन आली आणि म्हणाली, "सर, हे आपलं नाही, दुसरं दाखवते." म्हणजे पहिलं तिसऱ्या प्रकारातलंच होतं. दारांच्या पट्ट्या बाबांसाठी घ्यायच्या होत्या, त्यांना दार भिंतीला आपटायची सवय आहे. पण नंतर बघू. विम्याची ओळ लागलीच नाही, टचस्क्रीन गाडीबरोबरच येते. फॉग नाही, अलॉय नाही. ॲक्सेसरीजचं बिल साडेतेरा हजार.

ॲडव्हायझर साहेब, एक राहिलं. व्हीएक्सआयला लोखंडी चाकांवर प्लास्टिकचे व्हील कव्हर आहेत. जेव्हीएलआरच्या खड्ड्यांत ते उडतात म्हणे. खरं का?

जुना_ॲडव्हायझर | रविवार, दुपारी १२.०३

अभिनंदन! पेढे इथेही पाठवा.

उडतात. पवईच्या उताराला एका पावसाळ्यात मीच दोन गोळा केलेत, एकही माझ्या गाडीचं नव्हतं. हार्डवेअरच्या दुकानातून काळे केबल टाय आणा, प्रत्येक कव्हर दोन ठिकाणी चाकाला बांधा, शेपटी कापून गाठ आतल्या बाजूला वळवा. टाय हवेच्या नळीपासून लांब ठेवा.

ठाण्याची_ताई | रविवार, दुपारी १२.२०

आणि दोन टाय डिकीत जास्तीचे ठेवा. पंक्चर काढणारा ते कापतो आणि परत बांधत नाही.